मामाची १९५२ ची गोल्डन फ्लॅश: नवीकोरी करायची की आहे तशी जपायची?

आडवाट
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. मामा गेल्यावर त्याची बीएसए ए१० गोल्डन फ्लॅश ही ब्रिटिश मोटरसायकल माझ्याकडे आणि भावाकडे आली. कागदांवर १९५२, ६४६ सीसी ट्विन म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन, मागे प्लंजर सस्पेन्शन (चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या स्प्रिंगा). शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, शेड कोरडी त्यामुळे वाटलं होतं तेवढी वाईट अवस्था नाही. इंजिन जाम नाही, किक हाताने हळू दाबली तर फिरतंय. रंग काळा आहे, ब्रशने मारलेला वाटतो कारण जवळून रेघा दिसतात, टाकीवर गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंना खालचं काहीतरी फिकट दिसायला लागलंय. रिमांवर गंज, सायलेन्सरला एक भोक, मागच्या मडगार्डची खालची कड कुजलीय, सीट फाटलेली पण मामाने हाताने शिवलेली आहे.

भाऊ म्हणतो सगळी खोलायची, फ्रेम पावडर कोट (भुकटी भाजून बसवलेला रंग), टाकी बेज रंगात नवीन, रिमा क्रोम, कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. मला ते ऐकून कसंतरी होतं. पण माझ्याकडे भावना सोडून काही मुद्दा नाही, म्हणून इथे विचारतेय. चालवायची आहे हे दोघांचंही नक्की आहे, नुसती हॉलमध्ये उभी करायची नाही.

किकमारे
ताई मी तुमच्या भावाच्या बाजूने. मोटरसायकल ही चालवायची वस्तू आहे आणि गंज काही थांबत नाही, तुम्ही त्याला पॅटिना, म्हणजे जुनेपणाची झाक, म्हणा नाहीतर काहीही म्हणा, तो पत्रा खातच असतो. आज कड कुजलीय, दहा वर्षांनी मडगार्ड जाईल. ज्या माणसाने ही डिझाइन केली त्याने ती गंजलेली दिसावी म्हणून केली नव्हती, गोल्डन फ्लॅश नावच मुळात त्या सोनेरी बेज रंगावरून आहे आणि तुमच्याकडे ती काळी उभी आहे!

आणि रिस्टोअर केली की गाडीचा आत्मा जातो असं जे म्हणतात त्यांनी नॅशनल मोटरसायकल म्युझियमचं बघावं. इंग्लंडमध्ये २००३ साली तिथे आग लागली, ३८० च्या आसपास गाड्या जळाल्या, काहींचे नुसते सांगाडे उरले. त्यांनी त्यातल्या कितीतरी पुन्हा उभ्या केल्या. आज लोक त्या बघायला जातात आणि हरखतात, कोणी म्हणत नाही की ही खोटी आहे.

जुनी_चाकं
किकमारे, म्युझियमचं उदाहरण बरोबर आहे पण ते ह्या गाडीला लागू होत नाही. तिथे आगीने मूळ फिनिश आधीच नेलं होतं, जपायला काही उरलंच नव्हतं, तेव्हा रिस्टोअर करणं हाच मार्ग. इथे उरलंय. आणि आपण स्वतःच्या हाताने ते घालवायचं म्हणतोय.

जुन्या वाहनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, १९६६ पासूनची, त्यांचा ट्युरिन चार्टर म्हणून एक दस्तऐवज आहे. जुन्या इमारती आणि स्मारकांसाठी १९६४ चा व्हेनिस चार्टर आहे ना, त्याच धर्तीवर केलेला. त्यात क्रम साधा आहे: आधी आहे ते टिकवा, मग बिघाड वाढणार नाही एवढी दुरुस्ती करा, आणि हरवलेला भाग नव्याने उभा करायची वेळ सगळ्यात शेवटी. जे नवीन घालाल ते ओळखू यावं आणि नोंद ठेवावी. आणि वाहन वापरात असताना त्यात जे बदल झाले तेसुद्धा त्याच्या इतिहासाचा भाग. म्हणजे मामांनी शिवलेली सीट ही खराबी नाही, ती गाडीची कागदपत्रंच आहेत एका अर्थी.

मी कट्टर आहे हे मान्य, पण साधा हिशोब आहे, आज जपलेली गाडी उद्या कधीही रिस्टोअर करता येते, उलटं कधीच होत नाही.

तेलकट_हात
रंगाचं काय ते निवांत ठरवा, आधी एक विनंती, उत्साहाच्या भरात किक मारून चालू करू नका. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, रिंगा चिकटलेल्या असू शकतात. दोन्ही प्लग काढा, पातळ तेल थोडं थोडं सोडा, मुरू द्या, मग हाताने फिरवा.

आणि हे इंजिन उघडावं लागणार, त्यावर जपा की रंगवा हा वाद लागूच होत नाही. कारण सांगतो. ए१० च्या क्रँकमध्ये स्लज ट्रॅप, म्हणजे तेलातला गाळ अडकायची पोकळी, असते. त्या काळी ह्या इंजिनांना आत्तासारखा कागदी फिल्टर नव्हता, जाळी होती फक्त, बारीक कचरा अडवायचं काम क्रँकच करायचा, फिरताना जड घाण बाहेर फेकली जाते आणि ट्रॅपमध्ये साठत जाते. तेव्हाचं तेलही डिटर्जंट नसलेलं, त्यामुळे घाण बसली की बसली. आता तुम्ही हौसेने आधुनिक डिटर्जंट तेल ओतलं की ती सुटणार आणि बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या जागी, तेल जायच्या वाटा बुजवणार. दुसरं म्हणजे क्रँकच्या टायमिंग साइडला, म्हणजे टायमिंगचे गियर असतात त्या बाजूला, बॉल किंवा रोलर बेअरिंग नाही, साधा बुश (धातूची नळी) आहे, आणि क्रँकला तेल त्याच्यातूनच जातं. तो झिजला की प्रेशर तिथेच गळतं, बिग एंड उपाशी राहतात आणि एक दिवस कनेक्टिंग रॉड केस फोडून बाहेर. बाहेरून ह्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. चमकणारी टाकी असो नाहीतर गंजकी, आतला बुश तोच.

म्हणून माझं म्हणणं, आतून सगळं नवीन करा, बुश, रिंगा, व्हॉल्व्ह गाइड, सील, बेअरिंग, जे झिजलंय ते. बाहेरून केसला हात लावताना मात्र केरोसीन आणि नरम ब्रश, बस्स. कोणी ग्लास बीड ब्लास्टिंग (काचेच्या मण्यांचा मारा) करून देतो म्हणाला तर नको म्हणा. ते बारीक मणी तेलाच्या गॅलरीत जाऊन बसतात, कितीही धुवा, एखादा राहतोच, आणि तो बेअरिंगमध्ये गेला की केलेलं काम पाण्यात. शिवाय ओतकामाचा जो मूळ खरबरीतपणा असतो तो जातो, तो परत कुठून आणणार.

पाने पण बघा बरं का. ह्या गाडीला मेट्रिक नट नाहीत, व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने लागतात, बरेच आटे सायकल थ्रेडचे, इंचाला २६. जवळपासचा मेट्रिक पाना लावून कडा गोल करणारे खूप पाहिलेत.

धाकटा_गियर
मी तो भाऊ. ताईने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं.

एक सांगतो, मला चकचकीत गाडी मिरवायची आहे म्हणून मी हे म्हणत नाहीये. घरात मामाचा एक फोटो आहे ह्याच गाडीवरचा, कृष्णधवल आहे पण टाकी फिकट आहे हे स्पष्ट दिसतं, आणि मामा त्यात पंचविशीचा. मला ती गाडी हवी आहे. ही काळी गाडी म्हणजे शेवटच्या वर्षांची, आजारपणातली, ती बघून मला त्रास होतो. इतकंच.

आणि रिमा क्रोमच असतात की बीएसएच्या, त्या तरी करायला काय हरकत आहे?

रंगलेप
धाकटा_गियर, तुमचं लिहिणं पोचलं. आणि मला वाटतं तुम्ही दोघं समजताय तेवढे एकमेकांपासून लांब नाही आहात.

आधी रिमांचं. १९५२ आहे ना? मग क्रोम गृहीत धरू नका. कोरियन युद्धाच्या त्या काळात निकेलची टंचाई होती, आणि क्रोमच्या खाली निकेल लागतंच, म्हणून त्या एक-दोन वर्षांत ब्रिटिश कंपन्यांनी कितीतरी भाग क्रोम न करता रंगवून विकले. आज त्या वर्षांच्या गाड्या रिस्टोअर होतात तेव्हा त्यांना कधीच नसलेलं क्रोम चढवलं जातं आणि वर ओरिजिनल म्हणून सांगितलं जातं. स्पोकच्या निपलच्या आजूबाजूला, आणि टायर काढल्यावर रिमच्या आतल्या बाजूला बघा, तिथे ना हात पोचतो ना पॉलिश, जे असेल ते तिथे शिल्लक असतं.

आता टाकी. गुडघ्याजवळ खालचं फिकट दिसतंय म्हणालात, ते काय आहे ते बघायला पाहिजे. प्रायमर असू शकतं, आधीचा कोणी मारलेला रंग असू शकतो किंवा खरंच कारखान्याचा बेज असू शकतो. टाकी उतरवा आणि खालच्या बाजूला, बोगद्यात, जिथे फ्रेमची नळी जाते तिथे बघा. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, हेडलाइटच्या आत, नंबरप्लेटच्या मागे. ब्रश मारणारा माणूस गाडी खोलत नाही, त्यामुळे अशा जागी मूळ रंग जसाच्या तसा सापडतो.

घासायचं झालं तर ओलं घासा, कोरडं अजिबात नको, त्या काळच्या रंगात शिसं असतं. मास्क लावा, पाणी आणि गाळ नाल्यात सोडू नका.

आणि पावडर कोटिंगबद्दल, फ्रेमवर तर नकोच. जाड थर बसतो, नंबरचा छाप भरून जातो, बोल्टची भोकं आणि बेअरिंगच्या बसायच्या जागा आखडतात, आणि अर्थिंगला धातूचा स्पर्श मिळत नाही मग लाइट मिणमिणतात म्हणून डायनॅमोला दोष.

मॅग्नेटोवाली
नंबरांचा विषय निघालाच आहे तर, इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. त्या काळच्या बीएसएला दोन्हीची मालिकाच वेगळी होती, कारखान्यातूनच ते जुळत नसत. जोडी खरी आहे का ते डिस्पॅचच्या, म्हणजे कारखान्यातून गाडी पाठवल्याच्या, नोंदवहीवरून कळतं, ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे, १९४६ पासूनचा क्लब आहे, बीएसएच्या नोंदी आहेत, ते दाखला देतात. त्यात कधी कधी गाडी कोणत्या फिनिशमध्ये पाठवली तेही मिळतं, म्हणजे काळी की बेज हा प्रश्न कागदावरच सुटू शकतो. पत्र टाकाच. आणि कोणी नंबर 'नीट' पंच करून देतो म्हणाला तर त्या माणसाला गाडीजवळ येऊ देऊ नका.

मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) लुकास के२एफ असणार. थंड असताना एका किकला चालू आणि गरम झाली की काही केल्या नाही, हे लक्षण दिसलं तर आतला कंडेन्सर गेलाय असं समजा, कार्ब्युरेटर उघडत बसू नका. आतल्या फिरणाऱ्या आर्मेचरच्या तारांच्या वाइंडिंगवर शेलॅक (लाखेचं वॉर्निश) असतं, ते उष्णतेने मऊ होऊन पसरतं. रिवाइंड करून घ्या, बाहेरची बॉडी तीच ठेवा, बाहेरून काही कळत नाही.

वायरिंग ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं, हे बॅटरी लावणाऱ्याला आधी सांगा. डायनॅमो ६० वॅटचा आहे, त्यात हेडलाइट, टेल आणि ब्रेकलाइट भागतं जेमतेम. जुन्या रेग्युलेटरच्या डब्यातच बसणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात ते घाला, आतलं जुनं काढून लेबल लावून ठेवा. कापडी वेणीची वायर मात्र ठिसूळ झाली असेल तर जपायची म्हणून ठेवू नका, आग तिथून लागते. तशाच वेणीची नवीन मिळते.

किकमारे
निकेलचं मला माहीत नव्हतं, चांगलं कळलं. तरी मी म्हणतो, मडगार्डची कड कुजलीय त्याचं काय? तिथे जतन वगैरे कसं करणार, भोकाला मेण लावणार का?

जुनी_चाकं
भोकाला नाही लावणार. तेवढाच तुकडा कापून नवीन पत्रा आतून वेल्ड करायचा आणि तेवढ्याच जागी रंग मिळवायचा. सगळा मडगार्ड नवा आणू नका, बाजारात मिळणाऱ्या कॉपींचा वळसा बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि पत्राही पातळ.

बाकी चालू असलेला गंज आणि डाग ह्यात फरक करा. बोट फिरवलं की भुकटी येते, पापुद्रे सुटतात तो चालू गंज, तो थांबवायलाच हवा. घट्ट बसलेला तपकिरी डाग कोरड्या जागी वर्षानुवर्षं तसाच राहतो. क्रोमवरचे ठिपके असतील तर साधी अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून घासा, अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे येत नाहीत आणि गंज निघतो. कशाने तरी खसाखसा बफिंग करू नका, क्रोमचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो, बफ मारणारा माणूस क्रोम काढून टाकतो आणि खालचं पिवळट निकेल चकाकवून देतो.

आडवाट
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. टाकी उतरवली, भाऊ आणि मी दोघांनी मिळून. बोगद्यात बेज आहे! स्वच्छ, थोडासा चंदेरी झाक असलेला, आणि त्याच्यावर काळ्याचे नुसते ओघळ. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत पण तोच. रिमच्या आत क्रोम नाही, राखाडी रंगाचे अवशेष आहेत. भाऊ बराच वेळ ते झाकण हातात घेऊन बसला होता.

आता नवीनच प्रश्न झालाय. काळा काढून खालचा बेज उघडा करता येईल का? आणि करावा का? कारण काळा मामाने स्वतः मारलाय, मावशीला विचारलं तर ती म्हणाली गाडी पडली होती एकदा, टाकीला चरे गेले, तेव्हा मामाने अंगणात बसून रंगवली. म्हणजे जुनी_चाकं म्हणतात तसं तो पण इतिहासच झाला.

रंगलेप
करता येईल का ह्याचं उत्तर, बऱ्याचदा येतं. कारखान्याचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यावर घरी ब्रशने मारलेला हवेत वाळलेला रंग त्याच्या मानाने मऊ. त्यामुळे सौम्य थिनरने वरचा ढिला होतो आणि खालचा टिकतो, पण 'बऱ्याचदा' हा शब्द लक्षात ठेवा. टूलबॉक्सच्या झाकणावर बोटाएवढ्या जागेत आधी करून बघा. कापसाचा बोळा, थोडं थिनर, काही सेकंद, पुसा, थांबा. बेज मऊ पडला किंवा बोळ्यावर आला तर तिथेच सोडा. प्लास्टिकची पट्टी वापरा, पत्र्याची नको. रंग काढायचं जहाल केमिकल अजिबात नको, ते थर ओळखत नाही, सगळंच उतरवतं.

करावं का हे मी सांगणार नाही, ते घरातलं आहे. एवढंच सांगेन की एक बाजू उघडी करून दुसरी तशीच ठेवता येते, आणि जिथे टाकी पडून चरे गेले असतील तिथे बेज नसणारच, खाली पत्रा निघेल. त्या जागी काळा राहू दिला तर मला तरी ते पूर्ण खरं वाटेल.

धाकटा_गियर
अंगणात बसून रंगवली हे मला माहीत नव्हतं. मी काळ्याला आजारपणाशी जोडून बसलो होतो.

माझा नव्या रंगाचा आग्रह मी सोडतोय. खाली खरा बेज असताना त्याच्यावर नवीन बेज कशाला मारायचा, तो कितीही जुळवला तरी आजचा रंग, जाड क्लिअरकोटचा. आम्ही असं ठरवतोय: टूलबॉक्सवर प्रयोग, जमलं तर टाकीची डावी बाजू हळूहळू उघडी करायची, उजवी मामाची. रिमा राखाडी, रंगवूनच, गंज काढून. इंजिन पूर्ण उघडायचं, ब्रेक, केबल, टायर, वायरिंग सगळं नवीन. सीटची शिलाई तशीच, आतून आधार द्यायचा. सायलेन्सरचं भोक बुजवून घेतो.

तेलकट_हात, ब्रेक ड्रम मी ह्या रविवारी उघडणार आहे, काही सूचना?

तेलकट_हात
उघडा पण हवेचा प्रेशर मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत गेली की निघत नाही. पाणी शिंपडून ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका, मास्क चांगल्यातला. ब्रेकचे शू जपून ठेवा, नवं लायनिंग त्याच शूंवर बसवून मिळतं, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं.

टायर बाहेरून कितीही बरे दिसले तरी रबर कडक झालेलं असणार, ओल्या रस्त्यावर धरत नाही. नवीन घेताना बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते बघून घ्या, दुकानात पडून राहिलेले खपवतात.

आणि काढलेला एकही नट फेकू नका. मूळ बोल्टवर कॅडमियमचा फिका थर असतो, स्वच्छ करून तेच लावा. प्लेटिंगला द्यायचेच झाले तर हँडल, एक्सल, इंजिन धरणारे असे जोर येणारे बोल्ट वेगळे काढा, प्लेटिंगमध्ये स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो आणि कडक स्टील अचानक तुटतं, नंतर भट्टीत तापवून तो काढावा लागतो आणि ते सगळेच करतात असं नाही.

आडवाट
हे सगळं प्रिंट काढून शेडमध्ये लावतेय. टाकीच्या आत थोडा गंज आहे, तिथे सीलर (आतून थर धरणारं रसायन) ओतावा का? आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला, म्हणजे चऱ्यांच्या जागी, काय लावू? कोणीतरी जवसाचं तेल सांगितलं.

रंगलेप
सीलर शक्यतो नको. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये काही सीलर सुटतात आणि त्याचे पापुद्रे कार्बमध्ये. गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिसने काढा, टाकी निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाची सळई, टाकीला आतून कुठेही टेकू न देता. स्टेनलेसची सळई वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको. झाल्यावर धुऊन लगेच वाळवा आणि टाकी बराच काळ उभी राहणार असेल तर आतून तेलाचा हात फिरवून ठेवा.

रंगावर आणि उघड्या पत्र्यावर मी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावेन, ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात असंच एक मेण संग्रहातल्या वस्तूंसाठी तयार केलं होतं, पातळ लावायचं, पुसायचं, हवं तेव्हा काढता येतं. जवसाचं तेलही चालतं, फ्रेमच्या आतल्या बाजूला, प्लंजरच्या आजूबाजूला, पण ते वाळलं की चिकट कातडी होते आणि काढणं अवघड. आणि लावलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेट घेतं. पसरून दोरीवर टाका किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धाकटा_गियर
फडक्याचं माहीत नव्हतं. पाण्याची बादली शेडमध्ये ठेवतो. टूलबॉक्सचं झाकण शनिवारी, फोटो टाकेन.